एकाच दिवसाचे दोन आदेश : साखरेला आठ दिवसांत दिलासा, कांद्याला पाच महिने का लागले?

7 डिसेंबर 2023 ही तारीख अहिल्यानगर, नाशिक, पुणे, सोलापूर पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी लक्षात ठेवायला हवी. त्या एकाच दिवशी दिल्लीतून दोन आदेश निघाले. पहिला अन्न मंत्रालयाचा होता. उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायचं नाही. दुसरा वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या परकीय व्यापार महासंचालनालयाचा होता. 8 डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद.

दोन्ही आदेशांमागचं कारण साधारण एकच होतं. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, उत्पादन घटायची भीती होती आणि लोकसभेची निवडणूक पाच-सहा महिन्यांवर आली होती. निवडणुकीच्या तोंडावर शहरात साखर आणि कांदा महागू नये, एवढाच हिशोब.

पण पुढे काय झालं ते बघा. इथेनॉलचा आदेश 15 डिसेंबरला, म्हणजे आठ दिवसांत सैल झाला. 17 लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी-हेवी मळी दोन्ही वापरायला परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2024 मध्ये, ही बंधनंही उठली. कांद्याची बंदी मात्र 31 मार्चपर्यंत म्हणून लागली आणि 22 मार्चला ती पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. उठली ती 4 मे 2024 ला. तीही पूर्ण मोकळी नाही. टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क ठेवूनच. म्हणजे जवळपास पाच महिने गेले.

शेतकरी तोच, जिल्हा तोच. बऱ्याच ठिकाणी एकाच सातबाऱ्यावर ऊस आणि कांदा शेजारी-शेजारी उभा असतो. मग सरकारच्या कानाला एका पिकाचा आवाज आठ दिवसांत कसा ऐकू गेला आणि दुसऱ्याचा का नाही? पक्ष, उद्योगांच्या संघटना, अभ्यास संस्था आणि माध्यमं यांची जी साखळी दिल्लीत चालते, तिचं उत्तर या एका प्रश्नात सापडतं.

साखरेचं तोंड दिल्लीपर्यंत

साखर धंद्याकडे काय-काय आहे, याची नुसती मोजदाद करा. मुंबईत राज्य सहकारी साखर कारखाना संघ आहे. खासगी कारखान्यांची ‘विस्मा’ पुण्यात आहे. दिल्लीत 1932 पासून ‘इस्मा’ आहे आणि सहकारी कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघही आहे. या सगळ्यांना कायमची कार्यालयं आहेत, पगारी माणसं आहेत. आदेश निघाला की दुसऱ्या दिवशी मंत्रालयात निवेदन जातं आणि त्या निवेदनात आकडे असतात. किती डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, किती कर्ज निघालं, तेल कंपन्यांशी किती लिटरचे करार झाले, असे सगळे.

आकडे तयार करायलाही व्यवस्था आहे. देशात यंदा साखर किती होईल याचा ‘इस्मा’चा अंदाज दरवर्षी बातम्यांत येतो. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 पासून संशोधन करते आणि तिला कारखान्यांचंच पाठबळ आहे. शरद पवार तिचे अध्यक्ष आहेत.

त्यावर राजकारणाची जोड. या राज्यात कारखान्याचा चेअरमन हाच आमदार, खासदार किंवा मंत्री असणं नवीन नाही. तो काँग्रेसमध्ये असतो, दोन्ही राष्ट्रवादींमध्ये असतो, भाजपमध्येही असतो. सरकार कुणाचंही येवो, साखरेची माणसं बाकाच्या दोन्ही बाजूंना बसलेली असतात. 7 डिसेंबरलाच नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झालं होतं. विषय तिथे लगेच निघाला आणि दिल्लीशी बोलतो असं सत्ताधारी बाजूनेच सांगितलं. त्याच दिवशी शेअर बाजारात साखर कंपन्यांचे भाव आपटले, म्हणजे मुंबईच्या टीव्हीवरही ती बातमी झाली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल. साखरवाल्यांची तक्रार खोटी नव्हती. सरकारनेच प्रोत्साहन दिलं म्हणून कर्ज काढून प्रकल्प उभे केले आणि हंगाम सुरू झाल्यावर सरकारनेच दार लावलं, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शिवाय साखरेची प्रत्येक मागणी मान्य होते असंही नाही. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला. तो वाढवा म्हणून याच संघटनांनी अनेकदा निवेदनं दिली, पण ती मागणी वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली.

आणखी एक. कारखान्याचं तोंड म्हणजे ऊस उत्पादकाचं तोंड नव्हे. एफआरपी थकते तेव्हा याच संघटना वेगळ्या भाषेत बोलतात, हे प्रत्येक ऊसवाल्याला ठाऊक आहे. तरी डिस्टिलरी चालली तर उसाचं बिल वेळेत निघायची आशा असते. त्यामुळे चेअरमनच्या मागणीत सभासदाचा थोडा फायदा वाहून येतो. कांद्याच्या बाबतीत तेवढंही नाही.

कांद्याकडे रस्ता होता

कांदा उत्पादक गप्प बसले होते असं कुणी म्हणू नये. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. निर्यातबंदीनंतर चारच दिवसांत, 11 डिसेंबरला, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला आणि त्यात स्वतः शरद पवार उतरले होते. राज्य कांदा उत्पादक संघटनाही सतत बोलत होती. घोडेगाव, नेप्ती, लासलगाव, सगळीकडे संताप होता. बंदीआधी क्विंटलला चार हजारांच्या आसपास असलेला दर महिनाभरात निम्म्याहून खाली आला, मग संताप होणारच.

पण रास्ता रोको संध्याकाळी संपतो. दुसऱ्या दिवशी मंत्रालयात फाईल घेऊन बसणारं कुणी नव्हतं. कांद्याचं दिल्लीत कार्यालय नाही. निर्यातदारांची संघटना आहे, पण ती व्यापाऱ्यांची. बांधावरच्या माणसाचा हिशोब तिथे पोचतोच असं नाही.

समोरची बाजू मात्र भक्कम होती. शहरात कांदा साठ-सत्तरला गेला की चॅनेलवाले भाजी मंडईत माईक घेऊन उभे राहतात. तोच कांदा बाजार समितीत पाच रुपये किलोने जातो तेव्हा तो माईक मंडईत नसतो आणि बाजार समितीतही नसतो. महागाईच्या तेव्हाच्या सरकारी मोजणीत टोमॅटो, कांदा, बटाटा तिन्ही मिळून भार 2.2 टक्क्यांच्या आसपास होता, पण राजकीय भार त्याच्या कितीतरी पट.

बातमीने दर हलतो

माध्यमांचा या साखळीतला वाटा किती मोठा आहे, याचं उदाहरण फेब्रुवारी 2024 मध्ये लासलगावला दिसलं. कांदा निर्यातबंदी उठली अशा बातम्या 18-19 तारखेला आल्या. 17 फेब्रुवारीला 1,280 रुपयांच्या घरात असलेला सरासरी दर 19 तारखेला 1,800 पर्यंत गेला. 20 तारखेला ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी स्पष्ट केलं की बंदी कायम आहे, 31 मार्चपर्यंत राहणार. मधल्या दिवसांत ज्याने चढ्या दराच्या आशेने माल काढला किंवा घरात ठेवला, त्याने त्या बातमीचा भुर्दंड भरला.

दुसरं उदाहरण एप्रिलचं. 25 एप्रिलला गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2,000 टनांची निर्यात परवानगी मिळाली. महाराष्ट्रात ओरड झाली. दोनच दिवसांनी सरकारी पत्रक आलं की सहा देशांना 99,150 टन कांदा निर्यातीला परवानगी दिली आहे. बऱ्याच ठिकाणी ते नव्या निर्णयासारखं छापून आलं. प्रत्यक्षात त्यात बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती वगैरे देशांना आधी वेळोवेळी दिलेला कोटा एकत्र केलेला होता. पत्रकात खोटं काही नव्हतं. पण बातमी देणाऱ्याने ‘यात नवं किती?’ हा एक प्रश्न विचारला असता तर शेतकऱ्याला खरं चित्र कळलं असतं.

हा प्रश्न का विचारला जात नाही, याचं उत्तर दिल्लीपेक्षा तालुक्यात जास्त चांगलं सापडतं. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं असतं. त्याचं घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. वाढदिवसाची पुरवणी, गळीत हंगामाचा शुभारंभ, बँकेची वार्षिक सभा. या जाहिराती कारखाना, पतसंस्था आणि पुढारी यांच्याकडूनच येतात. कांदा उत्पादक कधी पानभर जाहिरात देत नाही. तेव्हा कुणाचं पत्रक जसंच्या तसं छापायचं आणि कुणाला उलटा प्रश्न विचारायचा, हे कुणी फोन करून सांगावं लागत नाही. ते आपोआप ठरतं.

वर मालकीचाही प्रश्न आहे. ‘सामना’ शिवसेनेच्या ठाकरे गटाचं मुखपत्र, ‘प्रहार’ राणे कुटुंबाचा, ‘लोकमत’ काँग्रेसशी जुनं नातं असलेल्या दर्डा कुटुंबाचा, ‘सकाळ’ शरद पवारांच्या बंधूंच्या कुटुंबाचा. यात लपवाछपवी काही नाही, सगळ्यांना माहीत असतं. त्याच ‘सकाळ’ समूहाचा ‘ॲग्रोवन’ शेतकऱ्याच्या प्रश्नाला रोज जागा देतो, हेही तितकंच खरं. राष्ट्रीय पातळीवर 2014 मध्ये नेटवर्क 18 रिलायन्सकडे आणि 2022 च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेला. मालक कोण हे कळलं म्हणजे बातमी खोटी ठरत नाही. पण कोणती बातमी आलीच नाही, हे शोधायची दिशा मिळते.

याचा सगळ्यात वाईट नमुना महाराष्ट्राने 2009 च्या विधानसभा निवडणुकीत पाहिला. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर, काही ठिकाणी शब्दही न बदलता, वेगवेगळ्या मोठ्या दैनिकांत बातमी म्हणून आला. पी. साईनाथ यांनी तो उघड केला. चव्हाणांनी वृत्तपत्र जाहिरातीचा खर्च 5,379 रुपये दाखवला होता. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर नावानिशी अहवाल तयार केला, पण कौन्सिलने सुरुवातीला तो पूर्ण प्रसिद्ध केला नाही. माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो बाहेर आला. निवडणूक आयोगाने 2014 मध्ये चव्हाणांना नोटीस दिली, पण दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. म्हणजे कायद्याने शिक्षा कुणालाच झाली नाही. वाचकाचा विश्वास तेवढा गेला.

अभ्यास होता, पण वाहून नेणारा नव्हता

आता अभ्यास संस्थांकडे या. या राज्याला त्यांची परंपरा जुनी आहे. 1930 मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबतीने लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही. अभ्यासक, शेतकरी आणि सरकार यांची गाठ बसली की काय उभं राहतं, ते याच जिल्ह्यात दिसलं. त्यामुळे अभ्यासक पुढाऱ्याशी बोलतो म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, असं समजायचं कारण नाही.

कांद्याच्या बाबतीत तर अभ्यास शेतकऱ्याच्या बाजूनेच होता. दिल्लीच्या ‘इक्रियर’ या संस्थेने ‘ओईसीडी’सोबत 2018 मध्ये अहवाल दिला. निर्यातबंदीसारखी बंधनं आणि बाजारातल्या त्रुटी यांमुळे 2000-01 ते 2016-17 या काळात भारतीय शेतकऱ्याचं सुमारे 45 लाख कोटी रुपयांचं नुकसान झालं, असा त्याचा निष्कर्ष. अशोक गुलाटी आणि सहकाऱ्यांच्या, रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्राहकाच्या एका रुपयातले कांदा उत्पादकाला 36 पैसेच मिळतात असं निघालं. हे कागद उपलब्ध असतात. पण चांदवडच्या रस्त्यावरून ते दिल्लीच्या टेबलावर नेणारं कुणी नव्हतं. साखरेकडे कागद आणि माणूस दोन्ही होते. कांद्याकडे कागद परक्याचा आणि माणूस रस्त्यावर.

अभ्यासकावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असंही नाही. 2021 मध्ये कृषी कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तिच्यात गुलाटी होते आणि शेतकरी संघटनेचे श्रीगोंद्याचे अनिल घनवटही होते. सदस्यांनी आधीच कायद्यांच्या बाजूने लिहिलं-बोललं आहे, म्हणून दिल्लीच्या सीमेवरच्या आंदोलकांनी तिच्यापुढे जायला नकार दिला. समितीने मार्च 2021 मध्ये अहवाल दिला, तो वर्षभर बंद राहिला, कायदे मागे घेतल्यानंतर 2022 मध्ये घनवटांनी स्वतः तो जाहीर केला. कायदे चांगले की वाईट हा वाद वेगळा. पण लोकांसाठी केलेला अहवाल लोकांपासून वर्षभर दूर राहिला, हे कुठल्याच बाजूच्या शेतकऱ्याच्या हिताचं नव्हतं.

नोंद कुठेच नाही

या सगळ्या साखळीत मूळ अडचण ही की तिची नोंद कुठे होत नाही. कोणती संघटना कोणत्या मंत्र्याला कधी भेटली, काय मागितलं, हे सांगायची सक्ती करणारा कायदा भारतात नाही. अमेरिकेत 1995 पासून असा कायदा आहे. परदेशी सरकारांसाठी काम करणाऱ्यांना तर 1938 पासून नोंद करावी लागते. म्हणूनच भारताच्या वॉशिंग्टनमधल्या दूतावासाने एप्रिल 2025 मध्ये तिथल्या एका कंपनीला महिना दीड लाख डॉलरवर नेमलं, हे जगाला कळलं. आपल्याच सरकारने परदेशात केलेली वकिलीची व्यवस्था आपल्याला तिथल्या कायद्यामुळे समजते. आपल्याच राजधानीतली मात्र समजत नाही. 2010 मध्ये राडिया टेप बाहेर आल्या तेव्हा उद्योग, मंत्री आणि पत्रकार एकमेकांशी कसे बोलतात ते देशाने ऐकलं. तेही फोन टॅप झाले होते म्हणून, कुणी स्वतःहून सांगितलं नव्हतं.

पैशाचंही तेच. निवडणूक रोखे 2018 पासून होते, पण कुणी कुणाला दिले ते गुप्त. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले तेव्हा कळलं की एप्रिल 2019 पासून 12 हजार कोटींहून जास्त रुपयांचे रोखे विकले गेले होते. त्यातला सर्वात मोठा, 6 हजार कोटींच्या वरचा वाटा भाजपकडे गेला. तृणमूल आणि काँग्रेसकडेही हजार कोटींच्या पुढे गेले. कांदा उत्पादकाच्या नावाने रोखा घेणारं कुणी असण्याची शक्यताच नव्हती.

मतपेटीचा राग पुरत नाही

कांद्याने शेवटी बोलून दाखवलं ते मतदानात. लोकसभेला दिंडोरी, नाशिक, अहमदनगर, धुळे या कांदा पट्ट्यातल्या जागा सत्ताधाऱ्यांनी गमावल्या. कारणं अनेक होती, पण कांद्याने फटका दिला हे सत्ताधारी नेत्यांनीही मान्य केलं. सप्टेंबर 2024 मध्ये किमान निर्यात मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला त्याच आघाडीला प्रचंड बहुमत मिळालं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य झालं.

तोवर उशीर झाला होता. 2025 मध्ये शुल्क नसतानाही कांदा पडेल भावात गेला. पाच महिने माल न मिळालेल्या गिऱ्हाईक देशांनी दुसरीकडे सोय लावली. गेलेलं गिऱ्हाईक आदेश काढून परत येत नाही. साखरेने आठ दिवसांत जे वाचवलं, ते कांद्याने पाच महिन्यांत घालवलं.

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, असं म्हणतात. पण कुठे आणि कसं बोलायचं, हे आता शिकावं लागेल. बाजार समित्यांकडे रोजच्या आवकेचे आणि दराचे आकडे आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्या तालुक्या-तालुक्यात झाल्या आहेत. कृषी विद्यापीठाकडे उत्पादन खर्चाचा हिशोब असतो. हे तिन्ही एकत्र करून आदेश निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सह्यांनिशी निवेदन जाईल आणि त्याची पोच प्रत गावात लागेल, एवढी व्यवस्था उभी करायला दिल्लीत बंगला लागत नाही. नव्या कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा असं सरकारचं 2014 चं धोरण आहे. मग लाखो कुटुंबांचा दर ठरवणारा निर्यातीचा आदेश रात्रीतून का निघतो, हा प्रश्न खासदाराला विचारता येतो. कुणाच्या निवेदनावरून निघाला, हे माहिती अधिकारात मागता येतं.

आणि वाचकाने एक सवय लावून घ्यावी. शेतमालाच्या दराची कुठलीही बातमी वाचताना, मग ती या पोर्टलवरची का असेना, तीन प्रश्न विचारावेत. ही माहिती दिली कुणी? आकडा कुणाचा? आणि या बातमीने दर हलला तर खिसा कुणाचा भरणार?

पुढचा आदेश कधी निघेल सांगता येत नाही. चाळीत कांदा भरलेला असतानाच तो निघतो, हा मात्र आजवरचा अनुभव आहे.